सात फुटांचा जलपाश : इंग्लंडमधील कालव्यांच्या उत्कर्षाचा, ऱ्हासाचा आणि पुनरुज्जीवनाचा एक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रात ‘कालवा’ हा शब्द प्रामुख्याने सिंचनाशी निगडित आहे. धरणातून निघून शेतशिवाराकडे जाणारा पाण्याचा प्रवाह हीच त्याची सर्वपरिचित प्रतिमा होय. इंग्लंडच्या इतिहासात मात्र कालव्याचे प्रयोजन निराळे होते. तेथील कालवे मुख्यत्वे मालवाहतुकीसाठी खोदण्यात आले. सिंचनाच्या कालव्याला उतार हवा असतो. वाहतुकीच्या कालव्याला मात्र संथ आणि सपाट पाणी हवे असते. डोंगर, टेकड्या व दऱ्या असलेल्या प्रदेशात असे सपाट पाणी दूरवर नेणे शक्य नसते. त्यामुळे कालव्याचे निरनिराळ्या पातळ्यांवरील तुकडे करून ते एकमेकांशी जोडावे लागतात. ही जोडणी करणारी रचना म्हणजे लॉक. मराठीत तिच्यासाठी ‘जलपाश’ ही संज्ञा वापरली जाते.

इंग्लंडमधील कालव्यांचा ऱ्हास रेल्वेमुळे झाला, असे सामान्यतः सांगितले जाते. हे कारण खरे असले तरी ते पुरेसे नाही. रेल्वे आल्यानंतरही काही जलमार्ग शतकाहून अधिक काळ मालवाहतूक करीत राहिले, तर काही अल्पावधीत निस्तेज झाले. या भिन्नतेचा उलगडा करावयाचा तर जलपाशाच्या मापाकडे लक्ष द्यावे लागते. १७६६ पासून मध्य इंग्लंडमध्ये रूढ झालेल्या सुमारे सात फूट रुंदीच्या जलपाशाने तेथील कालव्यांचे जाळे शक्य केले, त्यांची वाढ रोखली आणि विसाव्या शतकात अप्रत्यक्षपणे त्यांचे रक्षणही केले, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

नदीवरील पूर्वपीठिका : पाणचक्की आणि नावाडी

जलपाशाचा इतिहास कालव्यांपेक्षा जुना आहे. इंग्लंडमधील नद्यांवर मध्ययुगापासून पाणचक्क्या होत्या. चक्कीसाठी पाणी अडवून त्याची पातळी वाढवावी लागे. त्यासाठी नदीत बंधारे घालण्यात येत. हेच बंधारे नावाड्यांच्या मार्गातील अडथळे ठरत. यावर तोडगा म्हणून बंधाऱ्यात एक उघडता येण्याजोगी जागा ठेवली जाई. ती उघडली की साठलेले पाणी लोंढ्याने खाली धावे. खाली जाणारी नाव त्या लोंढ्यावर स्वार होऊन जाई आणि वर येणारी नाव दोरखंडांनी त्याच लोंढ्याविरुद्ध ओढून घ्यावी लागे. यास ‘फ्लॅश लॉक’ म्हणत. ही पद्धत धोकादायक तर होतीच, शिवाय एका नावेसाठी चक्कीमालकाचे कित्येक तासांचे पाणी वाहून जाई. पाणी सोडण्यासाठी चक्कीमालक पैसे मागत आणि नावाड्यांना ताटकळत ठेवीत. एकाच पाण्यावर दोन व्यवसायांचा हक्क असल्याने हा संघर्ष अटळ होता.

दोन दरवाजांच्या जलपाशाने या संघर्षाची तीव्रता कमी केली. यात दगडी वा विटांच्या एका हौदाला वर आणि खाली असे दरवाजे असतात. खालून आलेली नाव हौदात शिरली की खालचा दरवाजा बंद करून वरच्या बाजूच्या झडपा उघडतात. हौद भरताच नाव पाण्याबरोबर उचलली जाते आणि वरचा दरवाजा उघडून ती पुढे जाते. उतरताना हाच क्रम उलटा होतो. यासाठी कोणत्याही यंत्रशक्तीची गरज नसते. पाण्याचे वजनच सर्व काम करते. शिवाय संपूर्ण बंधारा रिकामा न होता केवळ हौदाएवढेच पाणी खर्च होते.

ही कल्पना मूळची इंग्लंडची नव्हे. चीनमध्ये इ. स. ९८४ मध्ये चियाओ वेईयुए या अधिकाऱ्याने महाकालव्यावर असा जलपाश बांधल्याची नोंद आहे. प्रवाहाच्या उलट दिशेने टोक करून मिटणाऱ्या दुहेरी दरवाजांचा विकास इटलीत झाला आणि त्याचे श्रेय सामान्यतः लिओनार्दो द व्हिंची यास दिले जाते. अशा दरवाजांवर पाण्याचा दाब जितका अधिक, तितके ते घट्ट मिटतात. इंग्लंडमध्ये १५६० च्या दशकात जॉन ट्र्यू याने एक्झेटर कालव्यावर पहिले जलपाश बांधले. १५७७ मध्ये ली नदीवर वॉल्थम येथे दुहेरी दरवाजांचा जलपाश उभा राहिला. १६२४ च्या कायद्याने नेमलेल्या आयोगाने १६३० च्या दशकात थेम्स नदीवर इफ्ली, सँडफर्ड आणि ॲबिंग्डनजवळील स्विफ्ट डिच येथे जलपाश बांधले. पुढे सर रिचर्ड वेस्टन यांच्या योजनेनुसार वे नदी नौकानयनयोग्य करण्यात आली व तो मार्ग १६५३ मध्ये खुला झाला.

या टप्प्यावरील जलपाशांचे माप त्या त्या नदीवर पूर्वीपासून चालणाऱ्या नौकांवरून ठरे. प्रत्येक नदीची नाव निराळी, म्हणून प्रत्येक नदीचा जलपाशही निराळा. नद्या परस्परांशी जोडलेल्या नसल्याने या वैविध्याची कोणाला अडचण भासली नाही. ही अडचण पुढे कालव्यांनी नद्या जोडल्या तेव्हा निर्माण झाली.

ब्रिंडली आणि सात फुटांचा निर्णय

ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या वर्स्ली येथील खाणीतील कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा काढला. १७६१ मध्ये या कालव्यावरील नौका बार्टन येथील जलसेतूवरून अरवेल नदी ओलांडू लागल्या. या टप्प्यात एकही जलपाश नव्हता. कालवा एकाच पातळीवरून नेण्यात आला होता. कोळशाचा वाहतूकखर्च घटून मँचेस्टरमधील त्याची किंमत जवळपास निम्म्यावर आली. या कामावरील अभियंता जेम्स ब्रिंडली याची कीर्ती त्यामुळे देशभर पसरली.

त्यानंतर ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्या जोडण्याची योजना पुढे आली. कुंभारकामाचा विख्यात उद्योजक जोसाया वेजवुड हा तिचा प्रमुख पुरस्कर्ता होता. स्टॅफर्डशायरमधील त्याच्या व्यवसायाला दुरून चिनी माती व गारगोटी आणावी लागे आणि तयार भांडी खाचखळग्यांच्या रस्त्यांवरून पाठवताना फुटत. १७६६ मध्ये संसदेने या कालव्यास अनुमती दिली. सुमारे ९३ मैलांच्या या मार्गात हेअरकॅसल येथील टेकडी आडवी येत होती. तेथे २,८८० यार्ड लांबीचा बोगदा खोदावा लागणार होता. बोगद्याची रुंदी वाढली की खर्च आणि धोका दोन्ही झपाट्याने वाढणार होते.

दुसरी अडचण पाण्याची होती. टेकडी ओलांडणाऱ्या कालव्याचा सर्वोच्च भाग दोन्ही बाजूंच्या जलपाशांना पाणी पुरवितो. प्रत्येक नावेबरोबर हौदभर पाणी खाली जाते आणि ते परत येत नाही. हा हिशेब सहज करता येतो. ७२ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ८ फूट चढाच्या जलपाशात सुमारे ४,००० घनफूट, म्हणजे जवळपास १,१४,००० लिटर पाणी मावते. रुंदी १४ फूट केली तर हा आकडा दुप्पट होतो. सर्वोच्च पातळीवर मोठी नदी नसते; तेथील पाणी झरे, ओढे व बांधलेले जलाशय यांतूनच मिळवावे लागते. भांडवल आणि पाणी ही दोन्ही मर्यादित असताना ब्रिंडलीने सुमारे ७ फूट रुंदीचा जलपाश स्वीकारला. त्यातून ७० फूट लांब, जेमतेम ७ फूट रुंद आणि २५ ते ३० टन माल नेणारी नाव जाऊ शके. हीच पुढे ‘नॅरोबोट’ म्हणून प्रसिद्ध झाली.

त्या काळाच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा होता. रस्त्यावरील गाडीला एक-दोन टन माल नेण्यासाठी अनेक घोडे लागत. संथ पाण्यावर एकच घोडा २५ टन माल ओढी. या फरकापुढे नाव ७ फुटी की १४ फुटी हा प्रश्न गौण होता. किंबहुना, रुंद जलपाशाचा आग्रह धरला असता तर पुरेसे भांडवल उभे राहिले असते का, याविषयीच शंका आहे. ब्रिंडली १७७२ मध्ये निवर्तला. कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. तोवर स्टॅफर्डशायर-वुस्टरशायर कालवा त्याच मापाने तयार झाला होता. १७९० मध्ये ऑक्सफर्ड कालवा पूर्ण होताच मर्सी, ट्रेंट, सेव्हर्न आणि थेम्स या चार नद्या जोडल्या गेल्या आणि ब्रिंडलीच्या कल्पनेतील जलमार्गांचा ‘महान क्रॉस’ प्रत्यक्षात आला. या क्रॉसच्या मध्यभागाचे माप सात फुटी होते.

एकसूत्रतेचा अभाव

प्रत्येक कालव्यासाठी संसदेचा स्वतंत्र कायदा होई, स्वतंत्र कंपनी स्थापन होई आणि स्वतंत्र भागधारक आपले भांडवल गुंतवीत. देशासाठी एक माप ठरविणारी यंत्रणा नव्हती. परिणामी मापांचे विलक्षण वैविध्य निर्माण झाले. लीड्स-लिव्हरपूल कालव्यावरील बहुतेक जलपाश १४ फूट रुंद, परंतु सुमारे ६२ फूटच लांब ठेवण्यात आले. बिंगली येथील सलग पाच हौदांचा, सुमारे ६० फूट चढणारा आणि १७७४ मध्ये खुला झालेला प्रसिद्ध जिना याच कालव्यावर आहे. त्यातून रुंद बार्ज जाई. पण मध्य इंग्लंडची ७० फुटी नाव लांबीमुळे जाऊ शकत नसे.

हडर्सफील्ड येथील परिस्थिती याहून बोलकी होती. तेथे पूर्वेकडून येणारा कालवा रुंद पण आखूड जलपाशांचा होता, तर १८११ मध्ये पूर्ण झालेला पश्चिमेकडील कालवा अरुंद पण लांब जलपाशांचा होता. एकीकडची नाव रुंदीमुळे अडे, दुसरीकडची लांबीमुळे. दोन्ही कालव्यांवरून जाऊ शकेल अशी नाव अरुंद आणि आखूड, म्हणजे दोन्हींपेक्षा लहान असावी लागे. नाही तर माल एका नावेतून उतरवून दुसरीत चढवावा लागे.

पाण्याविषयीच्या परस्पर अविश्वासाने यात भर घातली. बर्मिंगहॅममध्ये वुस्टर-बर्मिंगहॅम कालवा जुन्या बर्मिंगहॅम कालव्याला येऊन भिडला, तेव्हा आपले पाणी दुसऱ्या कंपनीकडे जाईल या भीतीने जुन्या कंपनीने दोहोंत सुमारे ७ फूट रुंदीचा बांध राखण्याची अट घातली. ‘वुस्टर बार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बांधावरून माल माणसांकरवी एका नावेतून दुसऱ्या नावेत हलविला जाई. १८१५ मध्ये तेथे जलपाश बसविल्यानंतरच नावांना थेट मार्ग मिळाला.

काही कंपन्यांनी रुंद मापाचा पुरस्कार केला नाही असे नाही. १७९३ च्या कायद्यानुसार ब्रॉन्स्टन ते लंडनजवळील ब्रेंटफर्ड असा ग्रँड जंक्शन कालवा १४ फुटी जलपाशांसह बांधण्यात आला आणि १८०५ मध्ये पूर्ण झाला. परंतु उत्तरेकडील कालवे अरुंदच राहिले. जॉन रेनी याने बांधलेला केनेट-एव्हन कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला. डिव्हायझेसजवळ त्याचे २९ रुंद जलपाश सुमारे २३७ फूट चढतात. लांब पल्ल्याच्या वाहतुकीत मात्र एक नियम अटळ होता : संपूर्ण मार्गावरील नावेचे माप त्यातील सर्वांत लहान जलपाश ठरवितो. शंभर रुंद जलपाशांची उपयुक्तता एका अरुंद जलपाशापाशी संपते.

रेल्वेची स्पर्धा आणि नावेवरील कुटुंबे

१८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. रेल्वेतही प्रारंभी अनेक मापे होती. स्टीफन्सनचे रूळ ४ फूट ८.५ इंच अंतराचे, तर ब्रुनेलचे ७ फुटांचे. तथापि, संसदेने चौकशी आयोग नेमला आणि १८४६ च्या कायद्याने ग्रेट ब्रिटनमधील नव्या प्रवासी रेल्वेमार्गांसाठी, काही अपवाद वगळता, स्टीफन्सनचे माप निश्चित केले. कालव्यांसाठी असा कायदा कधीच झाला नाही. रेल्वे कंपन्यांमधील भाड्याची वाटणी करण्यासाठी १८४२ मध्येच मध्यवर्ती संस्था निर्माण झाली होती. कालव्यावरील नावाड्याला मात्र प्रत्येक कंपनीच्या हद्दीत निराळा पथकर भरावा लागे. पुढे रेल्वे कंपन्यांनी अनेक कालवे विकत घेतले वा आपल्या नियंत्रणाखाली आणले, त्यामुळे संपूर्ण मार्गाच्या सुधारणेची शक्यता आणखी दुरावली.

या स्पर्धेचा भार अखेर नावाड्यावर पडला. नाव मोठी करता येत नव्हती, कारण जलपाश अरुंद होता. म्हणून खर्च कमी करण्याचा एकच मार्ग उरला, तो म्हणजे मजुरी वाचविणे. अनेक नावाड्यांनी किनाऱ्यावरील घर सोडून बायकामुलांना नावेवर आणले. पत्नी सुकाणू धरी, मुले घोडा हाकीत व जलपाशांची दारे ढकलीत. मालासाठी अधिकाधिक जागा ठेवावयाची असल्याने कुटुंबाच्या वाट्याला मागील बाजूची सुमारे १० फूट लांब आणि ७ फुटांहूनही कमी रुंद अशी कोठडी येई. मुलांचे शिक्षण होत नसे, कारण नाव एका गावी थांबत नसे. कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ यांनी १८७० च्या दशकात या स्थितीकडे लक्ष वेधले आणि त्यांच्या प्रयत्नांतून १८७७ चा कालवा-नौका कायदा झाला. त्याने निवासी नावांची नोंदणी आणि त्यात राहणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आणली. १८८४ च्या दुरुस्तीने तपासणीची व्यवस्था बळकट केली. कालवा कंपन्यांच्या ताळेबंदात न दिसणारी अरुंद जलपाशाची किंमत या कोठडीत मोजली जात होती.

याच काळात यॉर्कशायरमधील एअर-काल्डर जलमार्गाने वेगळी वाट धरली. नदीवर आधारलेला हा मार्ग प्रारंभापासून रुंद होता आणि त्याच्या चालकांनी जलपाश वेळोवेळी मोठे केले. अभियंता विल्यम बार्थोलोम्यू याने १८६० च्या दशकात लोखंडी पेट्यांसारख्या, प्रत्येकी सुमारे ४० टन कोळसा नेणाऱ्या नौकांची आगगाडीसारखी माळ ओढण्याची पद्धत आणली. ‘टॉम पुडिंग’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या नौका गूल बंदरापर्यंत जात आणि ही वाहतूक १९८० च्या दशकापर्यंत टिकली. रेल्वे यॉर्कशायरमध्येही होती. मात्र तेथील जलपाश वाढू शकत होता. हा फरक निर्णायक ठरला.

रुंदीकरणाचे अर्धवट प्रयत्न

अरुंद जलपाशांची मर्यादा तत्कालीन धुरीणांना ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. लेस्टरशायरमधील फॉक्स्टन येथे १८१४ मध्ये प्रत्येकी पाच हौदांचे दोन जिने बांधण्यात आले होते. ते ७५ फूट चढत, पण ७ फुटी होते. त्यांना पर्याय म्हणून १९०० मध्ये तेथे वाफेच्या इंजिनावर चालणारा उतरता लोहमार्ग उभारण्यात आला. पाण्याने भरलेल्या मोठ्या टाक्यांतून नावा चढविल्या-उतरविल्या जात. तो रुंद बार्जही पेलू शके. मात्र त्याच कालव्याच्या दुसऱ्या टोकाचे वॉटफर्ड येथील सात जलपाश रुंद न करता पूर्वीच्याच मापाने नव्याने बांधण्यात आले. फॉक्स्टनला चढलेली रुंद बार्ज वॉटफर्डला अडणार, हे उघड होते. अपेक्षित वाहतूक आली नाही. १९११ मध्ये या यंत्रणेचा नियमित वापर थांबला आणि १९२८ मध्ये ती भंगारात विकण्यात आली. शतकभरापूर्वीचे अरुंद जलपाश तेवढे कार्यरत राहिले.

१९०६ मध्ये नेमलेल्या राजआयोगाने १९०९ च्या अंतिम अहवालात हाच मुद्दा राष्ट्रीय पातळीवर मांडला. चार नद्यांना जोडणारा क्रॉस मोठ्या नौकांसाठी नव्याने बांधावा आणि तो एका सार्वजनिक मंडळाकडे सोपवावा, अशी त्याची शिफारस होती. ती अमलात आली नाही. १९२९ मध्ये ग्रँड युनियन कंपनी स्थापन झाली आणि तिने १९३२ ते १९३४ या मंदीच्या काळात सरकारी साहाय्याने बर्मिंगहॅमच्या दिशेने पन्नासाहून अधिक नवे रुंद जलपाश बांधले. हॅटन येथील २१ जलपाशांची मालिका त्यांतीलच होय. परंतु सर्व ठिकाणी कालव्याचे पात्र आणि पूल त्या प्रमाणात रुंद झाले नाहीत. परिणामी नव्या १४ फुटी जलपाशांतून मोठी बार्ज जाण्याऐवजी जुन्याच दोन अरुंद नावा शेजारीशेजारी जात राहिल्या.

ऱ्हासातून पुनरुज्जीवन

१९४८ मध्ये बहुतेक कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे दीर्घकाळ गोठले आणि आधीच क्षीण झालेली व्यापारी वाहतूक जवळपास मोडली. १९७० च्या सुमारास लांब पल्ल्याची नॅरोबोट-वाहतूक संपुष्टात आली. आर्थिक दृष्टीने या जाळ्याला प्रयोजन उरले नव्हते.

तथापि, याच काळात एक वेगळी चळवळ उभी राहिली. एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते वाचून रॉबर्ट आयकमन यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि १९४५ मध्ये वुस्टरशायरमधील टार्डेबिग येथे, ब्रिटनमधील सर्वांत मोठ्या, ३० जलपाशांच्या मालिकेजवळ, दोघांची भेट झाली. १९४६ मध्ये अंतर्गत जलमार्ग संघटना स्थापन झाली. स्वयंसेवकांनी गाळ उपसला, कुजलेले दरवाजे बदलले, ढासळलेल्या भिंती बांधल्या. १९६४ मध्ये स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग पुन्हा खुला झाला. १९६८ च्या वाहतूक कायद्याने कालव्यांची व्यापारी, पर्यटनयोग्य आणि उर्वरित अशी वर्गवारी करून मनोरंजन हे कालव्याचे वैध प्रयोजन मान्य केले. पुढे केनेट-एव्हन कालवा १९९० मध्ये आणि हडर्सफील्डचा अरुंद कालवा २००१ मध्ये खुला झाला. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील सुमारे २,००० मैल जलमार्ग ‘कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आहेत.

या पुनरुज्जीवनात जलपाशाच्या लहान मापाचा वाटा मोठा आहे. ज्या जलमार्गांवर व्यापार टिकला, तेथे जुने जलपाश पाडून मोठे, यांत्रिक जलपाश बांधण्यात आले. अरुंद कालव्यांच्या नूतनीकरणात कोणासही नफा दिसला नाही. म्हणून अठराव्या शतकातील हौद, विटांचे पूल आणि लाकडी दरवाजे पुष्कळ अंशी आपल्या मूळ मापात राहिले. शिवाय जो जलपाश दोन माणसे हातांनी चालवू शकतात, तो कुशल कामगारांविनाही वापरता येतो. सुटीवर आलेले कुटुंब आज स्वतःच झडपा उघडून नाव चढविते. पूर्वी ज्या श्रमावर नावाड्याच्या मुलांचे बालपण खर्ची पडले, तोच श्रम आता पर्यटनाचा आनंद मानला जातो, ही इतिहासातील विसंगती येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, जलपाश ही केवळ स्थापत्याची वस्तू नसून तो विटा-दगडांत बांधलेला निर्णय असतो. ब्रिंडलीचा निर्णय त्याच्या काळात योग्य होता. मर्यादित भांडवल आणि मर्यादित पाणी यांतून त्याने एक देशव्यापी जाळे शक्य केले. दोष असलाच तर तो त्या निर्णयाचा पुनर्विचार करू शकणारी सामाईक यंत्रणा निर्माण न करण्यात होता. रेल्वेला तिचे माप निश्चित करणारी संसद वेळेवर लाभली. कालव्यांना ती लाभली नाही. फॉक्स्टन आणि हॅटन येथील प्रयत्नांनी हेच सिद्ध केले की, जाळ्यातील एका भागाची सुधारणा संपूर्ण जाळ्याच्या सुधारणेवाचून निष्फळ ठरते.

सार्वजनिक सुविधांचा इतिहास लिहिताना त्यांच्या उद्घाटनाच्या आणि अस्ताच्या तारखांवर सहसा भर दिला जातो. त्यांच्या मापांचा इतिहास त्याहून अधिक सांगून जातो. इंग्लंडच्या ग्रामीण भागातील सात फुटांचा जलपाश कोणी, कोणत्या अडचणीतून ठरविला, त्यात कोण अडकले आणि तो कोणी वाचविला, हे पाहिले म्हणजे सोयीसाठी घेतलेला एक निर्णय अडीच शतके किती लोकांचे जीवन घडवितो, याची कल्पना येते.